मिनीला बाहेरच्या बिजागऱ्या बसवायच्या आहेत, पत्रा कापू का?

कोलबाडकर:
नमस्कार मंडळी. आमच्या मामांची 1976 ची मिनी 1000, म्हणजे ती छोटी ब्रिटिश मोटार, आता माझ्याकडे आहे. इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा ते सामानाबरोबर गाडीही घेऊन आले होते. बरीच वर्षं ती इमारतीखाली झाकून होती, आता डेंटिंग-पेंटिंगला काढली आहे. रंग खरवडल्यावर दोन्हीकडची ए-पॅनल, म्हणजे पुढचं मडगार्ड आणि दरवाजा यांच्यामधली चिंचोळी पट्टी, खालून पार खाल्लेली निघाली. ठाण्याची खाडीची हवा, दुसरं काय.

पट्ट्या नाहीतरी बदलायच्याच आहेत. मग जुन्या मिनीसारख्या बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्या लावून घ्याव्यात असं फार मनात आहे. 1964 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली ती लाल अंगाची, पांढऱ्या टपाची 37 नंबरची कूपर मामांच्या तोंडून इतकी ऐकली आहे की मिनी म्हटलं की मला तीच दिसते. डेंटर म्हणतो, बिजागरी पत्र्यावर ठेवायची आणि आरपार नटबोल्ट मारायचे, झालं. मला हे पटत नाही. कुणाला अनुभव आहे का?

ऐरोलीकर:
तुमची गाडी मार्क 3, म्हणजे मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीनंतरची. 1969 च्या शेवटी बिजागऱ्या आत गेल्या आणि त्याच वेळी दरवाजेही मोठे झाले. त्यामुळे मार्क 1 किंवा 2 चा दरवाजा आणून तुमच्या चौकटीत टांगला तर जमणार नाही. मिनीच्याच व्हॅन आणि पिकअपला मात्र बाहेरच्या बिजागऱ्या 1983 पर्यंत, म्हणजे त्या बंद होईपर्यंत होत्या.

आणखी एक. जुन्या दरवाजाला सरकत्या काचा. मे महिन्यात घोडबंदर रोडवर अडकलात की अर्धीच खिडकी उघडेल. ऑस्ट्रेलियात बनलेल्या मिनीला 1965 पासून बाहेरच्या बिजागऱ्या आणि हँडलने खाली जाणाऱ्या काचा असे दोन्ही होते, पण तो दरवाजा इथे मिळणं कठीण.

टूलरूम वागळे:
कोलबाडकर, डेंटरला आजच फोन करून थांबवा.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आयुष्य काढलं. जुन्या गाड्यांच्या बिजागऱ्या अजूनही लेथवर दुरुस्त करून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दरवाजा उघडला की त्याचं सगळं वजन दोन छोट्या जागांवर येतं. वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते. तिथे नुसता मिलिमीटरभराचा पत्रा असेल तर तो दर उघडझापीला लपकतो. मग भोकाभोवती चीर पडते, चिरेत पाणी जातं आणि रंगाखालून गंज पुन्हा सुरू. जुन्या गाडीत त्या जागेमागे मजबुतीचा पत्रा कारखान्यातूनच असायचा. तुमच्या गाडीतली मजबुती आतल्या बिजागरीच्या हिशेबाने दिलेली आहे. बाहेरची लावायची तर दरवाजाच्या पुढच्या खांबाच्या आत निदान 3 मिलिमीटरची प्लेट, तिला आटे पाडलेले, आणि ती खांबाला वेल्ड केलेली हवी. दरवाजाच्या आतही तसंच.

खरी मेख पुढे आहे. वरच्या आणि खालच्या बिजागरीची पिन एका रेषेत यायला हवी. मिनीचं अंग वरून खाली सरळ नाही, फुगीर आहे. पत्र्यावर जशी बसेल तशी बिजागरी ठेवलीत तर दोन पिनांची तोंडं दोन दिशांना. असा दरवाजा उघडताना करकरतो आणि बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, खाऊन टाकतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही पिना काढायच्या आणि त्याच व्यासाची एकच लांब, सरळ ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) दोन्ही बिजागऱ्यांतून ओवायची. बार हाताने मोकळी फिरली की मगच बिजागरीखालचं पॅकिंग ठरवायचं आणि प्लेटला टॅक, म्हणजे वेल्डिंगचा ठिपका, मारायचा. बार अडली तर वेल्डिंगला हातच लावायचा नाही.

हे सगळं होण्यासारखं आहे. पण मला विचाराल तर तुमच्या गाडीला हे करू नका. शाबूत खांब कापून नवा करायचा, तोही दोन्ही बाजूंना, आणि दरवाजा शेवटी 1976 चाच राहणार.

नेरुळकर:
टूलरूम काकांना कागदोपत्री जोड देतो. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी त्यात बसते, आयात केलेलीसुद्धा. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. खांब कापून बिजागऱ्या हलवल्या तर तपासणीत हा प्रश्न येणारच. अर्थात त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुमची गाडी पन्नाशीला आलीच आहे, तेव्हा आधी हे ठरवा.

कोलबाडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. नियमाचं मला काहीच माहीत नव्हतं. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. काल त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘मी आणली तश्शी ठेव.’ तेव्हा बिजागऱ्या आतच राहतील. ए-पॅनल ब्रिटिश मोटर हेरिटेज या जुन्या गाड्यांचे पत्रे बनवणाऱ्या कंपनीची, आहे त्याच प्रकारची मागवतो. काका, कापताना काय सांभाळू?

टूलरूम वागळे:
मामांना नमस्कार सांगा.

कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत इंचाचा चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका टॅक करून घ्या. दरवाजाखालचा सिल, म्हणजे उंबऱ्याचा पत्राही गंजला असणार. आधार न देता कापलंत तर चौकट खाली खचते आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू करा. दुसरी बाजू मापाला शाबूत राहू द्या.

आताच्या बिजागऱ्यांची पिन तपासा. दरवाजा अर्धा उघडून मागच्या टोकाला वर उचला. खटका जाणवला तर पिन-बुश गेलं. माझ्याकडे पाठवा, गनमेटलचे बुश करून, रीमरने भोक नेमक्या मापाला आणून देतो. नवं पॅनल आधी नुसतं क्लॅम्पने धरा, दरवाजा टांगा, फट सगळीकडे दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) येते का बघा, मगच वेल्डिंग. लॉकची पट्टी सगळ्यात शेवटी. आणि फट जुळवायला पुट्टी थापू देऊ नका, डेंटर कितीही म्हणाला तरी. बंद करण्याआधी आतून झिंक प्रायमर, वरून मेण, आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना ते बघा.

कोलबाडकर:
रविवारी पाइप टॅक करून घेतो. बिजागऱ्या सोमवारी संध्याकाळी आणून दिल्या तर चालतील का?

टूलरूम वागळे:
चालेल. चारही आणा, आणि कुठली कुठल्या बाजूची ते मार्करने लिहून आणा.