रि: रि: रि: रविवारचा भीमगड – डबा नेमका कुठं ठेवायचा?

प्रेषक: टिळकवाडीची ताई
शुक्रवार रात्री

नमस्कार मंडळी,

आम्ही काल पोचलो. पोरं अजून ब्रिस्बेनच्या घड्याळावर आहेत, पहाटे अडीचला उठून आजीकडं दूध मागालीत.

रविवारचं उद्या दुपारपर्यंत पक्कं करायचंय, कारण लग्नसराई आहे आणि टेम्पो ट्रॅव्हलर एकच शिल्लक आहे, गाडीवाला सारखा फोन करालाय. माणसं ठरली (17, त्यात पोरं 8), जेवण अनगोळच्या काकूंकडं ठरलं, अडलंय ते फक्त डब्यापाशी. करंबिनला (गोल्ड कोस्टचं ते पक्ष्यांचं अभयारण्य, जिथं जंगली पोपट हातातल्या ताटलीत खायला येतात) कुणीतरी पोरांना शब्द देऊन बसलं होतं (नाव घेत नाही, शहापूरकर दादा) की डिसेंबरात गावाकडं गेलो की भीमगडच्या जंगलात आपल्या मराठी मंडळाचा जिओकॅश (लपवलेला डबा, जीपीएसवरून शोधायचा आणि आतल्या वहीत नाव लिहायचं) लावू आणि तिथल्या पोपटांना पण असंच हातानं खायला घालू. पोरं विसरलेली नाहीत. माझ्या धाकटीनं तर ताटली आणलीय, तिकडच्यासारखी लाल, आपल्याच बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून. मी खडेबाजारातून स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा पण घेऊन ठेवलाय.

तर डबा जंगलात कुठं ठेवायचा, आणि पोपटांना घालायला काय न्यायचं, पेरू चालेल का मध? पटकन सांगा.

———

प्रेषक: खानापूरकर

ताई, कुठंच नाही आणि काहीच नाही.

अहो ते अभयारण्य आहे. 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटर, तुमच्या टिळकवाडीतली बाग नव्हे डबा ठेवून यायला. आत जायलाच वनखात्याची परवानगी लागते, किल्ल्यावर असंच चढून जायचे दिवस गेले. बारापेडेच्या गुहेतली ती वटवाघळं अख्ख्या जगात मोजक्या जागी आहेत. आमच्या लहानपणी आम्ही हेम्माडग्याहून तळेवाडीला चालत गेलोय, पायाला जळवा, कमरेला कोयता, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता विचारतात आणि बरंच आहे विचारतात ते.

दोन वर्षांमागं मी याच लिस्टवर सगळं सविस्तर लिहिलं होतं. कुणी वाचत नाही.

———

प्रेषक: शहापूरकर

काका, वाचलं होतं, तुम्ही तेव्हा जळवांबद्दल लिहिलं होतं, परवानगीबद्दल नाही.

ताई, चूक माझी, मी कबूल. पण मी "बघू" म्हणालो होतो, शब्द दिला नव्हता. आता डब्याचं सांगतो. खानापूरकर काका म्हणतात ती एक अडचण झाली, पण परवानगी मिळाली तरी आपला डबा पास होणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅश लावून साईटवर टाकला की आधी एक रिव्ह्यूअर तपासतो, मगच तो प्रसिद्ध होतो. आणि सुट्टीला गेलो, डबा ठेवला, परत विमानात बसलो, हे त्यांना चालत नाही. वही भिजली, झाकण गेलं, डबाच नाहीसा झाला तर जाऊन बघणारा माणूस जवळ राहणारा लागतो. आपण सगळे 5 जानेवारीच्या आत परत. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जूनमध्ये त्या डब्याचं काय होईल ते मी सांगायला नको.

शिवाय पुरायचा नाही, जमिनीच्या मालकाची परवानगी पाहिजे, दुसऱ्या कॅशपासून 161 मीटर लांब पाहिजे (ही आपल्याला अडचण नाही), आणि आत खायचं काही ठेवायचं नाही. मागं पोरांनी पुलाखालच्या डब्यात चॉकलेट ठेवलं होतं आठवतंय ना, नंतर तो उघडला तेव्हा वही दिसत नव्हती, नुसत्या मुंग्या.

अजून एक. मोबाईलला तिकडं रेंज नाही, तेव्हा जे काय असेल ते ॲपमध्ये आधीच डाऊनलोड करून घ्या. दाट झाडीखाली जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं दाखवतंच, म्हणजे काजऱ्याच्या झुडपात सतराजण शोधत बसणार.

———

प्रेषक: सेक्रेटरी

सर्वांना नम्र आठवण: हा मंडळाचा अधिकृत कार्यक्रम नाही. करंबिनची सहल अधिकृत होती, तिकिटं मंडळानं काढली होती. "बेळगावी स्नेहमेळावा" हे खासगी आहे, तेव्हा डब्यावर मंडळाचं नाव किंवा लोगो घालू नये. आणि ज्यांनी करंबिनच्या तिकिटाचे पैसे अजून दिलेले नाहीत त्यांनी (दोन घरं) ते द्यावेत.

———

प्रेषक: येळ्ळूरकर

बेळगावी??

सेक्रेटरी साहेब, 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं नाव बदललं ते सरकारी कागदावर. आपल्या लिस्टवर बेळगावच. मराठी मंडळाच्या मेलमध्ये हे बघायला लागावं म्हणजे कमाल झाली.

———

प्रेषक: सेक्रेटरी

विमानाच्या तिकिटावर आपोआप तसं आलं होतं, मी कॉपी केलं. विषय सोडूया. तिकिटाचे पैसे?

———

प्रेषक: टिळकवाडीची ताई

अहो बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी म्हणा, गाडीवाला उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहे!

डब्याचं कळलं. पण पोपटांना खायला घालायला काय हरकत आहे? करंबिनला पण ते जंगली पोपटच होते ना, पिंजऱ्यातले नव्हेत, आपलेआपण उडत आले, माझ्या नवऱ्याच्या टकलावर तिघं बसले आणि गेले. तिथं चालतं तर इथं का नाही?

———

प्रेषक: खानापूरकर

हा प्रश्न मात्र बरोबर विचारला.

करंबिनची गोष्ट वेगळी आहे. तिथं तो ग्रिफिथ्स म्हणून एक मधमाश्या पाळणारा आणि फुलं पिकवणारा माणूस होता, लोरिकीट (तिकडचे रंगीत पोपट) त्याच्या फुलांची नासाडी करायचे म्हणून त्यानं त्यांना दुसरीकडं खायला घालायला सुरुवात केली, 1947 पासून लोक बघायला यायला लागले आणि त्यातनं ते ठिकाण उभं राहिलं. ती पाखरं पिढ्यानपिढ्या त्या ताटलीला येतायत आणि ताटलीत काय घालायचं ते तिथली माणसं ठरवतात, तुम्ही-आम्ही नाही. लोरिकीटच्या जिभेला टोकाला ब्रशासारखे केस असतात, फुलातला मध आणि पराग चाटायला. तिथंसुद्धा लोक घरच्या अंगणात मध-पाव ठेवतात तेव्हा पाखरं आजारी पडतात, एकाच ताटात सगळ्यांनी चोच घातली की पिसं गळायचा रोग पसरतो.

आपल्या भीमगडच्या पोपटाची जीभ तशी नाही. तो दाणे, फळं, शेंगा फोडून खाणारा. निळ्या पंखांचा तो मलबारी पोपट, तो तर खाली उतरतच नाही, उंच झाडाच्या शेंड्यावरून कर्कश ओरडत थवा जातो आणि तुम्ही मान वर करेपर्यंत पलीकडच्या डोंगरावर. पांगारा-सावर फुलली की जरा बसलेला दिसतो, पण त्याला अजून वेळ आहे. तो चिमणीएवढा आखूड शेपटीचा दुसरा, जो वटवाघळासारखा उलटा लटकून झोपतो, तो हिरव्या पानांत हिरवा, बोट दाखवलं तरी दिसत नाही. लाल ताटली घेऊन खाली उभं राहिलात तर येतील ती माकडं. चोर्ला घाटात गाड्या थांबवून कुरकुरे वाटणाऱ्यांनी त्या माकडांचं काय करून ठेवलंय बघा एकदा.

आणि शहापूरकर, तू झाडाची ढोली बघून डबा घालणार होतास ना? करंबिनला बोलता बोलता म्हणाला होतास. जानेवारीपासून पोपट त्याच ढोलीत अंडी घालतात.

———

प्रेषक: शहापूरकर

काका, ढोलीचं मला खरंच माहीत नव्हतं. तिकडं ओंडक्याच्या पोकळीत कितीतरी डबे सापडलेत म्हणून डोक्यात तेच होतं.

मग अर्थकॅश करूया का? त्यात डबाच नसतो. जागेवर जायचं, दगड-माती-पाण्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं काढायची, झालं. गोकाकचा धबधबा त्याला एक नंबर. जागेची परवानगी त्यालाही लागते, पण निदान भिजायला काही नाही.

———

प्रेषक: येळ्ळूरकर

गोकाकला डिसेंबरात काय बघणार, दगडच! 52 मीटरचा कडा आणि वरून पाण्याची चार बोटं. जुलै-ऑगस्टला जायचं गोकाकला. करदंट (तिथली मिठाई) आणायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी, माझा एक किलो.

आणि पोपटांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. मी आठवीत असताना मामाच्या जोंधळ्यात राखणीला बसायचो, माळ्यावर, हातात गोफण. दाणा दुधात आला की राघूंचा थवा यायचा, दोन-तीनशे तरी असतील, कणसावर बसायचे आणि खायचे कमी, टाकायचे जास्त. घसा बसेपर्यंत ओरडायचं. पत्र्याचा डबा वाजवायचो. त्यांना लाल ताटलीत वाढायचं म्हटलं असतं तर मामानं गोफण माझ्याच पाठीत घातली असती. तो तुमचा ग्रिफिथ्स शहाणा म्हणायचा, फुलं वाचवायला त्यानं खायला घातलं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

———

प्रेषक: टिळकवाडीची ताई

दादा, हे वाचून धाकटी विचारालीय "मामा पोपटांना मारायचा का?" काय उत्तर देऊ?

———

प्रेषक: येळ्ळूरकर

मारायचा नाही, भिवडवायचा. लागला दगड एखादवेळी. एक पंख मोडलेला राघू मामीनं घरात ठेवला होता, मिठू म्हणायचे, "चहा झाला का" असं विचारायचा. पण आता तसं ठेवायचं नाही म्हणून सांग, कायद्यानं बंदी आहे, 1972 चा कायदा. तेव्हा आम्हाला काय ठाऊक.

———

प्रेषक: शहापूरकर

विषयाला धरून: कुणी सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र बरोबर आणलंय का? ट्रेकला तिकडं सगळे वापरतात, पण इथं परवान्याशिवाय त्याला बंदी आहे. कुणाच्या बॅगेत असेल तर जंगलात नेऊन ते काढून दाखवू नका. परत जाताना विमानतळावर भानगड नको.

———

प्रेषक: सेक्रेटरी

माझ्याकडं आहे. मंडळाचं नाही, माझं वैयक्तिक. काय करू?

———

प्रेषक: खानापूरकर

वकिलाला विचारा. आम्हाला कुणाला विचारू नका, आणि लिस्टवर तर लिहूच नका.

———

प्रेषक: अनगोळची काकू

सगळ्यांना आशीर्वाद. सूनबाई मेल वाचून दाखवते, मी सांगते ती टाइप करते.

तुम्ही सगळे जेवायला आमच्याकडं येणारच आहात. आमच्या परड्यात पेरूची चार झाडं आहेत, मागच्या भिंतीला लागून. सकाळी साडेसात-आठला राघू येतात, दहा-बारा तरी असतात, शेंड्यावरचे पेरू अर्धे खाऊन अर्धे खाली टाकतात. सकाळी केर काढताना रोज भांडते मी त्यांच्याशी. त्यांना वाढायचं काही नाही, ते आपलं आपण घेतात. पोरांनी पायरीवर गप्प बसून बघावं, बोलायचं नाही, हलायचं नाही. पोरांना जमणार असेल तर.

तो डबा पण आमच्याकडं ठेवा. परडं आमचंच आहे, परवानगी द्यायला मी आहे. पाण्याच्या जुन्या हौदामागं कोनाडा आहे, तिथं पावसाचं पाणी येत नाही. वही भिजली तर मी बदलीन. जवळ राहणारा माणूस पाहिजे म्हणता ना, मी 54 वर्षं इथंच राहते.

मांडे करणार आहे. कुणाला साखरेचे नको असतील तर आत्ता सांगा, आयत्यावेळी नको.

———

प्रेषक: शहापूरकर

काकू!! हे बसतंय. मालकाची परवानगी, जवळचा माणूस, कोरडी जागा. फक्त एक, कॅश म्हटला की उद्या कुणी अनोळखी माणूस फोन बघत बघत तुमच्या परड्यात येईल, चालेल का? कुणाच्या घराच्या आवारात असला की रिव्ह्यूअर तेच विचारतो.

———

प्रेषक: अनगोळची काकू

चहा घेऊन जाईल. पुढच्या दारानं यावं मात्र, भिंतीवरून नव्हे. आणि दुपारी दोन ते चार नको, मी पडलेली असते.

———

प्रेषक: शहापूरकर

ठीक, ते वर्णनात घालतो, "दुपारी 2 ते 4 बंद". डबा पेरूच्या झाडावर मात्र बांधायचा नाही, हौदामागंच. नाव काय द्यायचं ते पोरांनी ठरवावं. खाते माझं, पण देखभाल काकूंची असं लिहितो. खाते काकूंच्याच नावानं काढलं तर अजून बरं, सूनबाई मदत करतील ना?

———

प्रेषक: खानापूरकर

म्हणजे भीमगड रद्द का? मी हेम्माडग्याच्या माणसाला रविवारसाठी विचारून ठेवलंय, निसर्ग शिबिराकडं परवानगी घेऊन जाता येतं, बाहेरूनच बघायचं पण बघायचं. थवा दिसला तर दिसला. डबा नाही, ताटली नाही, खाऊ नाही. पोरांना महादई नदी तिथं जवळच उगम पावते हे तरी कळू दे, रोज पेपरात नाव वाचतात.

———

प्रेषक: टिळकवाडीची ताई

दोन्ही करूया. सकाळी सात वाजता थेट काकूंच्या परड्यात, राघू बघून, डबा ठेवून, मांडे खाऊन, मग अकराला खानापूरच्या रस्त्यानं. गाडीवाल्याला सांगितलं आत्ताच, तो म्हणाला सकाळी सात म्हणजे साडेसात धरा. तुमच्यापैकी कुणी त्याला उलटा फोन करून वेळ बदलू नका.

धाकटीला समजावलं. ताटलीचं काय करायचं विचारालीय. मी म्हटलं त्यात वही ठेव डब्यात, तर म्हणते मावत नाही.

———

प्रेषक: अनगोळची काकू

ताटलीत मांडे घेईल. साखरेचे नको कुणाला ते अजून कुणी सांगितलं नाही.

———

प्रेषक: सेक्रेटरी

मला गुळाचे. आणि ती दोन घरं कुठली ते मी आता नाव घेऊन लिहिणार आहे, सोमवारी.