ओपिऑइड ओव्हरडोसचे तीन आकडे, तिन्ही वेगळे : अहवालात कोणता धरायचा?

आकडेमोड : ओपिऑइड (अफू, हेरॉइन, फेंटॅनिल या गटातले पदार्थ) ओव्हरडोसच्या मासिक अहवालासाठी तीन ठिकाणांहून माहिती येते: रुग्णवाहिकेतून दिलेलं नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध), इमर्जन्सी विभागातले आयसीडी-१० कोड (आजार आणि मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय कोडयादी) आणि मृत्यूप्रमाणपत्रं. तिन्हींचा मेळ बसत नाही. शिवाय जुन्या महिन्यांतले मृत्यू दर वेळी वाढलेले दिसतात. चूक कुठे होतेय?

नोंदवही : मेळ बसणारच नाही, कारण तिन्ही ठिकाणी मोजली जाणारी गोष्टच वेगळी आहे. त्यांची बेरीज मात्र कधीही करू नका, एकच माणूस तिन्हीकडे असू शकतो.

रुग्णवाहिकेच्या नोंदीत डोस मोजू नका, घटना मोजा. एकाच माणसाला दोन-तीन डोस लागतात, एका कॉलला दोन गाड्या जातात. कॉल क्रमांकावरून दुबार नोंदी काढा. नॅलोक्सोननंतर श्वास सुधारला का, हा रकाना हवाच. साखर उतरलेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या बेशुद्ध माणसालाही ते दिलं जातं. उलट, गाडी पोहोचण्याआधीच घरच्यांनी ते दिलं असेल तर तुमच्या यादीत ती घटना येतच नाही.

कोडवाचक : इमर्जन्सीत नुसत्या कोडवर विसंबलात की फसलात. नोंद अशी असते: "बेशुद्ध, श्वास मंद, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, नॅलोक्सोननंतर शुद्धीवर", आणि कोड मात्र आर४०, म्हणजे नुसती बेशुद्धी. म्हणून रुग्णाच्या तक्रारीच्या नोंदीतला मजकूरही शोधा. स्पेलिंगच्या चुका आणि संक्षेप धरून. "ओव्हरडोस नाही", "पूर्वी ओव्हरडोस", व्यसन सोडतानाचा त्रास हे वगळा. एफ११ हा व्यसनाशी संबंधित गट आहे, विषबाधेचा नाही.

लघवीची नेहमीची ओपिएट चाचणी निगेटिव्ह आली म्हणून केस काढून टाकू नका. ती मॉर्फिनसारखे पदार्थ पकडते, फेंटॅनिल (कृत्रिम ओपिऑइड) तिला सापडत नाही.

शेवटचा रकाना : मृत्यूंच्या बाबतीत दोन पातळ्या तपासायच्या. मूळ कारण एक्स४०–४४ (अपघाती), एक्स६०–६४ (आत्महत्या), एक्स८५ (खून) किंवा वाय१०–१४ (हेतू अनिश्चित) यांपैकी हवं. आणि सोबतच्या कारणांत टी४०.०–टी४०.४ किंवा टी४०.६ (ओपिऑइड विषबाधेचे कोड) हवा. एकाच मृत्यूला टी४०.१ (हेरॉइन) आणि टी४०.४ (मेथाडोन सोडून बाकी कृत्रिम ओपिऑइड) दोन्ही लागू शकतात. त्यामुळे औषधवार आकड्यांची बेरीज एकूण मृत्यूंपेक्षा जास्त भरते. ती चूक नाही, पण तक्त्याखाली तसं लिहा.

खरी गळती प्रमाणपत्र लिहितानाच होते. "अनेक औषधांची विषबाधा" एवढंच लिहिलं की कोड पडतो टी५०.९ (औषधाचं नाव नसलेली विषबाधा) आणि ओपिऑइड हिशोबातून गायब. शवविच्छेदन करणाऱ्यांकडून प्रत्येक औषधाचं नाव लिहून घ्या. यासारखा फायदेशीर पाठपुरावा दुसरा नाही. हेरॉइनचंही तसंच. शरीरात ते काही मिनिटांत ६-एमएएम (हेरॉइनपासूनच बनणारा, त्याची खूण पटवणारा पदार्थ) होतं आणि मग मॉर्फिन. रक्तात फक्त मॉर्फिन सापडलं तर मृत्यू टी४०.२ (मॉर्फिनसारखे इतर ओपिऑइड) मध्ये जातो आणि हेरॉइन कमी दिसतं. लघवीत आणि डोळ्यातल्या द्रवात ६-एमएएम जास्त वेळ टिकतं, तेही तपासायला सांगा.

जुने महिने फुगतात, कारण टॉक्सिकॉलॉजीचा (शरीरातल्या विषाच्या तपासणीचा) अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर कारण "तपास प्रलंबित" राहतं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था यासाठीच तात्पुरते आकडे चार महिने मागे ठेवून देते, आणि नोंदलेले व अंदाजित आकडे शेजारीशेजारी दाखवते. तुम्हीही अलीकडचे महिने तुटक रेषेने काढा.

आकडेमोड : मग अचानक वाढ झाली तर इशारा कशावरून द्यायचा?

नोंदवही : रुग्णवाहिका आणि इमर्जन्सीवरून, मृत्यूंची वाट बघितली तर उशीर होतो. शेवटचे २ दिवस सोडून त्याआधीच्या २८ दिवसांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. आजचा आकडा सरासरी अधिक ३ विचलनांच्या वर गेला तर इशारा. ते २ दिवस सोडायचे, नाहीतर नुकतीच सुरू झालेली वाढच सरासरीत मिसळते. छोट्या भागात रोज शून्य-एक असताना हे सूत्र उगाच वाजतं, म्हणून किमान ३ घटनांची अट घाला.

शेवटचा रकाना : जाहीर तक्त्यात १ ते ९ मृत्यूंचे चौकोन झाका. पण एकच चौकोन झाकलात तर एकूण बेरजेतून वजाबाकी करून तो उघडा पडतो. त्याच ओळीतला आणि स्तंभातला आणखी एकेक झाकावा लागतो.