अंडील, खच्ची की नुसताच घोडा?

रामबागेतून :
आमच्या इंदूरच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी प्राण्यांचा तक्ता करतेय. गाय-बैल-वासरू झालं, कोंबडा-कोंबडी-पिल्लू झालं, आणि घोड्यापाशी अक्षरशः घोडं अडलं. घोडी, शिंगरू ठीक. पण ‘स्टॅलियन’खाली नुसतं घोडा लिहिलं, तर ‘गेल्डिंग’खाली, म्हणजे वृषण काढलेल्या नराखाली, काय लिहू? ‘वळू’ लिहून पाहिलं, तर मुलं म्हणाली, “ये तो बैल होता है ना?” सुचवा कुणीतरी.

जेल रोडवरून :
ताई, शब्द आहे की! अंडील. खच्ची न केलेला नर, मग तो बैल असो की घोडा. वळू म्हणजे त्यातला पैदाशीसाठी राखलेला. म्हणजे प्रत्येक वळू अंडील असतो, पण प्रत्येक अंडील काही वळू नसतो. गेल्डिंगला सरळ खच्ची घोडा म्हणा. मुलांपुढे बरं दिसेल का, असं वाटत असेल तर सांगते. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक अतिशय सोज्वळ काकू तावातावाने म्हणाल्या, “या सेक्रेटरीने आमचं पार खच्चीकरण केलंय!” एकाच्याही भुवया हलल्या नाहीत. जनावर डोळ्यांपुढून गेलं की शब्द सोवळा होतो.

महूहून :
बरोबर. पण आमच्या आजोबांच्या तोंडी ‘आख्ता’ असायचं. फारसी शब्द, अर्थ खच्चीच. मुघलांकडे घोड्यांवरच्या अधिकाऱ्याचा हुद्दाच आख्तबेगी. आजोबांचे टांगे होते. भाड्याला आख्ताच जुंपायचा, हा त्यांचा नियम. अंडील घोडा वाईट नसतो, पण रस्त्यात घोडी दिसली की लगाम कुणाच्या हातात आहे ते तो विसरतो.

रामबागेतून :
काका, दुसऱ्या चित्रात एक नर, चार घोड्या आणि दोन शिंगरं आहेत. ‘कळपाचा म्होरक्या’ असं लिहिलंय. चालेल?

महूहून :
नाही चालणार. इथेच सगळ्यांची चूक होते. मोकळ्या रानातल्या घोड्यांत पाण्याकडे, चाऱ्याकडे पुढे निघते ती अनेकदा एखादी जुनी, जाणती घोडी. म्होरकी म्हणायचं तर तिला म्हणा. नर बरेचदा मागे असतो. कुणी रेंगाळलं की मान जमिनीलगत खाली घालून, कान मागे पाडून, सापासारखं डोकं हलवत तिला हाकतो. दुसरा नर जवळ आला की आडवा जातो. पण लगेच लाथाळी नाही. आधी एकमेकांना हुंगणं, किंचाळणं, पुढचा पाय आपटणं, लिदीच्या ढिगावर आपली लीद टाकणं. बरेचदा तेवढ्यावरच भागतं. म्हणून ‘राखणदार’ लिहा.

आणि नर शिंगरू दोन-तीन वर्षांचं झालं की कळपातून बाहेर पडतं. अशा तरण्या नरांची वेगळी टोळी असते. त्यांना आपल्याकडे तयार शब्द आहे : सडेफटिंग!

छत्रीबागेतून :
सडेफटिंग झकास! मला मात्र ‘घोडं’ छळतंय. वरातीमागून घोडं, घोडं कुठं पेंड खातं, आत्ताच वर म्हटलंत ते घोडं अडलं, सगळीकडे नपुंसकलिंग. म्हणजे आख्त्यालाच घोडं म्हणायचं की काय?

जेल रोडवरून :
छे हो. मूल, कुत्रं, मांजर तसंच ते. नर की मादी याच्याशी बोलणाऱ्याला कर्तव्य नाही, किंवा थोडी कुचेष्टा करायचीय, एवढंच. ‘काय ते घोडं आणलंय’ म्हटलं की किंमत अर्धी झालीच! आणि वरातीचं म्हणाल, तर मराठीत नवरदेव घोड्यावर बसतो, इथल्या हिंदीत तो ‘घोड़ी चढ़ता’. आपली इंदुरी मुलं दोन्ही एकत्र करून ‘नवरदेव घोडी चढला’ म्हणतात. मी आता हटकत नाही, कारण बँड-फटाक्यांत शांत घोडीच बरी, हा त्यामागचा विचार तरी खरा आहे.

महूहून :
त्याचा पुरावा मागच्या लग्नसराईत पाहिला. कार्यालयाबाहेर एका वरातीची घोडी मुतून पुढे गेली. मागून दुसऱ्या वरातीचा अंडील आला. भर बँडमध्ये थांबला, तिथे हुंगलं, मान आभाळाकडे केली आणि वरचा ओठ उलटा दुमडून हिरड्या दाखवत उभा राहिला. लोक म्हणाले, बघा, घोडा हसतोय! हसतोय कसला, नाकाच्या तळाशी वासाचं एक खास इंद्रिय असतं, तिथपर्यंत वास पोचवत होता. घोडी माजावर आहे का, एवढीच चौकशी. वरचा नवरदेव दोन्ही हातांनी फेटा धरून बसलेला.

तोंड तसं उघडलंच होतं म्हणून सुळेही दिसले. नराला साधारण चाळीस दात, घोडीला बहुधा छत्तीस. तिला सुळे सहसा नसतात, असले तर बारीक.

छत्रीबागेतून :
काका, मग ‘घोड्यांची पागा’ म्हणतात ते कळपालाच ना? आपल्याकडे पागनीसपागा नावाची वस्तीही आहे.

महूहून :
पागा माणसाने बांधलेली. सरकारी घोडे, त्यांवर बसणारे स्वार म्हणजे बारगीर, तबेला, सगळं मिळून. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. कळप घोड्यांनी स्वतः केलेला. दोन्हींत गल्लत नको.

रामबागेतून :
तक्ता लावला. ‘अंडील घोडा’, ‘म्होरकी घोडी’, ‘सडेफटिंगांची टोळी’, सगळं लिहिलं. मुलांना सडेफटिंग इतकं आवडलं की दोघांनी वर्गाबाहेर तीच टोळी काढलीय. ‘खच्ची’पुढची जागा तेवढी कोरी आहे. काल एका आईचा फोन आला होता, “इसका मतलब बच्चे घर पर पूछ रहे हैं.”