खेळाडू मुलीच्या ‘बाईपणा’बद्दल विचारणाऱ्यांना काय सांगावे?

प्रश्न : खो-खोपटूची आई
माझी मुलगी पंधरा वर्षांची असून गेली पाच वर्षे खो-खो खेळते. सूर मारून मारून तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर काळे वण पडले आहेत, आणि घामाने केस मानेला चिकटतात म्हणून तिने स्वतःहून बॉयकट करून घेतला. गेल्या महिन्यात एका लग्नात तिच्या आत्याने तिचे कोपर उजेडात धरून पाहिले आणि चारचौघींत विचारले, “हिला मुलींसारखं राहायला आवडत नाही, की हिचं काही वेगळंच आहे?” मी घाईघाईने सांगितले की तसे काही नाही, घरी ती हौसेने मेंदी काढते, नटते. घरी आल्यावर मुलीने एवढेच विचारले, “आई, तू खोटं का सांगितलंस?” अशा वेळी काय बोलावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद : आठशे मीटरवाली
ताई, मी शाळेत असताना एका स्पर्धेत पहिली आले, तेव्हा दुसऱ्या संघाबरोबर आलेल्या पालकांनी ‘हा मुलगा आहे’ अशी तक्रार केली आणि एका शिक्षिकेने मला स्वच्छतागृहात नेऊन खात्री करून घेतली. पदक मिळाले; परंतु पुढचे वर्षभर मी कानांत मोठ्या रिंगा घालून धावले, कारण पुन्हा कोणी तसे नेऊ नये एवढेच माझ्या मनात होते. त्या रिंगा धावताना गालावर आपटत असत. आपल्या मेंदीच्या उत्तरात मला त्याच रिंगा दिसल्या, म्हणून हे लिहिले.

प्रतिसाद : क्रीडावाचक
आत्याबाईंनी कोपर पाहून जी शंका घेतली, तीच शंका मोठ्या क्रीडासंस्थांनीही घेतलेली आहे. खेळाडू स्त्रीच आहे ना, हे पाहण्यासाठी ऑलिंपिकमध्ये 1968 पासून महिला खेळाडूंची गुणसूत्र चाचणी होत असे. ती 1999 मध्ये बंद झाली, पण शरीरयष्टी पाहून संशय घेणे थांबले नाही. तमिळनाडूच्या शांती सौंदरराजन यांनी 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये मिळवलेले रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले. ओडिशाच्या धावपटू द्युती चंद यांना 2014 मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक नैसर्गिकरीत्याच जास्त असल्यावरून, संघातून वगळले. त्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेल्या, 2015 मध्ये लवादाने या संप्रेरकाच्या मर्यादेचा नियम स्थगित केला, आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी 100 व 200 मीटरमध्ये दोन रौप्यपदके जिंकली. महिला गटात कोणी धावावे हा वादाचा आणि अवघड प्रश्न आहे, तो मी येथे सोडवू शकत नाही. मात्र पिळदार दंड दिसले की मुलगी ‘कमी’ ठरवायची, ही सवय त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेने 2011 मध्ये महिलांना स्कर्ट सक्तीचा करण्याचे ठरवले होते आणि विरोध झाल्यावर 2012 मध्ये तो विचार सोडला. त्यात तर शरीरशास्त्राचा संबंधही नव्हता. खेळाडू बाई ‘दिसावी’, एवढाच आग्रह होता.

प्रतिसाद : एक मैत्रीण
मला ‘काही वेगळंच’ या शब्दांविषयी लिहायचे आहे. याच द्युती चंद यांनी 2019 मध्ये आपले एका मुलीवर प्रेम असल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि त्यांच्या घरातूनच कडाडून विरोध झाला. बॉयकट आणि खो-खो यांवरून आपल्या लेकीचे मन कोणाकडे ओढ घेईल हे कळत नाही, ही गोष्ट खरीच. पण उद्या तिला खरोखरच एखादी मुलगी आवडली, तर आपण त्या लग्नात घाईने म्हटलेले ‘तसे काही नाही’ तिला आठवेल आणि ती आपल्याला काही सांगणार नाही. मला स्वतःला माझ्या आईला सांगायला अकरा वर्षे लागली. म्हणून ‘तसे’ असणे हा आरोप आहे असे मानून उत्तरच देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

खो-खोपटूची आई
आपले प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवले. रिंगांच्या ठिकाणी तिने मला थांबवून तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. खोटे बोलल्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. येत्या रविवारी आत्याकडे पूजेला जायचे आहे. तेथे कोणी पुन्हा कोपर धरले, तर ‘तिचे तिलाच विचारा’ असे मी म्हणणार होते, पण मुलगी म्हणाली, “मला नको विचारायला लावूस. तू फक्त माझा हात सोडवून घे.”