ऊसतोड कामगारांच्या मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन: सॉफ्टवेअरवर किती विसंबावं?

फडावरची_नोंद
पीएचडीसाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या आहेत. प्रत्येकी तास-सव्वा तास, मोबाइलवर, एमफोरए फाइल. बऱ्याच ठिकाणी नवरा-बायको एकत्र बोलतात. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही. हाताने लिहायला बसलं की एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास जातात. व्हिस्पर (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर) चालवून पाहिलं, तर काही फाइल हिंदीत उतरल्या आणि एकीत एकच वाक्य पानभर आलं. सेटिंग चुकतंय की मराठवाडी बोली त्याला पेलत नाही? आणि आलेलं कितपत तपासावं लागेल?

कानसेन
दोन्ही दोष सेटिंगने बरेच आटोक्यात येतात. भाषा 'ऑटो'वर ठेवली की व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून ती ठरवतं. सुरुवातीला नुसतं 'हां, बोला' असेल किंवा मागे टीव्ही चालू असेल तर ते हिंदी धरून बसतं. भाषा मराठी अशी स्वतः निवडा. 'ट्रान्सलेट'वर टिक राहिलेली नाही ना, तेही बघा, नाहीतर थेट इंग्रजी हाती येईल.

वाक्य घोळत राहतं कारण प्रत्येक तुकडा लिहिताना ते आधी स्वतःच लिहिलेल्या मजकुराचा आधार घेतं. एकदा चुकलं की ती चूक पुढे ओढत नेतं. 'कंडिशन ऑन प्रीव्हियस टेक्स्ट' हा पर्याय बंद करा. सोबत व्हीएडी, म्हणजे शांतता गाळणारा फिल्टर, चालू करा. पण फास्टर-व्हिस्परमध्ये, म्हणजे व्हिस्परच्या वेगवान आवृत्तीत, त्याचा थ्रेशोल्ड (कशाला बोलणं मानायचं त्याची मर्यादा) मुळात ०.५ असतो. नवरा मोबाइलजवळ आणि बायको चुलीपाशी बसून हळू बोलत असेल, तर तिची वाक्यं शांतता समजून गाळली जाऊ शकतात. ०.३ करून बघा. ज्यांचा आवाज आधीच कमी ऐकला जातो, त्यांचाच असा गायब होतो, म्हणून हे सेटिंग किरकोळ समजू नका.

कमांड टाइप करायच्या नसतील तर विंडोजवर 'सबटायटल एडिट' घ्या. फुकट आहे. व्हिडिओ मेनूत 'ऑडिओ टू टेक्स्ट (व्हिस्पर)' सापडेल. इंजिन फास्टर-व्हिस्पर, मॉडेल 'लार्ज-व्ही३' निवडा. डाउनलोड साधारण ३ जीबीचं आहे, एकदाच करावं लागतं. 'स्मॉल', 'बेस' या लहान मॉडेलच्या वाटेला मराठीसाठी जाऊ नका, दुरुस्तीतच जास्त वेळ जातो. ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे वेळ लागणार, फाइल रात्री लावून झोपा.

मूळ फाइल मोबाइलमधून केबलने घ्या. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज आणखी दाबला जातो. १६ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट वेव्ह केलीत तर तासाला ११५ एमबी होते, व्हिस्परला तेवढी पुरते. नॉइज रिडक्शन मात्र करू नका. आपल्या कानाला बरं वाटतं, पण त्यात व्यंजनं बोथट होतात.

सावकाश_ऐका
बोलीबद्दल. व्हिस्पर पुष्कळदा बोली सुधारून लिहितं. 'पानी'चं 'पाणी', 'मंग'चं 'मग', अडखळणं आणि पुनरुक्ती गायब. आशयाचं विश्लेषण करणार असाल तर चालेल, फक्त प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात तसं नोंदवा. बोलीचा अभ्यास असेल तर हा मजकूर नुसता कच्चा आराखडा समजा.

खरी भीती नकाराची आहे. 'व्हतं' आणि 'नव्हतं' यांत फरक एका 'न'चा, आणि तो आधीच्या शब्दात मिसळून जातो. 'मुकादमानं पावती दिली नव्हती' याचं 'दिली होती' झालं तर वाक्य वाचताना कुठेच खटकत नाही. व्याकरण शुद्ध, अर्थ उलटा. म्हणून नुसतं वाचून तपासणी होत नाही, ऐकतच करावी लागते. 'नव्हतं', 'नाय', 'न्हाई' येण्याजोगी प्रत्येक जागा ऐका. तसेच आकडे. पावणेदोन, दीडशे, अडीच हजार हे हमखास घसरतात. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, खाड्याचे (गैरहजेरीचे) किती कापले, हाच तुमचा विदा (डेटा) आहे, तिथे अंदाज नको.

लांब शांततेत न बोललेली वाक्यंही येतात, निव्वळ 'धन्यवाद'सुद्धा. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात इंग्रजीच्या साधारण १ टक्का तुकड्यांत व्हिस्परने अशी रचलेली वाक्यं घातलेली आढळली, आणि बोलण्यात थांबे जास्त असले की ती वाढत होती. एखादी बाई अपघाताबद्दल बोलताना थांबते, तो थांबा कंसात 'थांबा, ६ सेकंद' असा लिहा. तिथे मशिनचं वाक्य राहू देऊ नका.

फडावरची_नोंद
दोघांनाही धन्यवाद. 'कोयता' म्हणजे इथे नवरा-बायकोची जोडी, 'वाढं' म्हणजे उसाचे शेंडे. असे शब्द आधी शिकवता येतात का? आणि कोण बोलतंय ते वेगळं करता येईल?

कानसेन
शिकवता नाही, सुचवता येतात. 'इनिशियल प्रॉम्प्ट'मध्ये शब्द देतात, पण मर्यादा २२४ टोकनची (टोकन म्हणजे शब्दाचा छोटा तुकडा) आणि देवनागरी शब्द टोकन भराभर खातो. शिवाय 'कंडिशन ऑन प्रीव्हियस टेक्स्ट' बंद केलात की प्रॉम्प्टचा परिणाम पहिल्या तुकड्यापुरताच उरतो. फास्टर-व्हिस्परमध्ये 'हॉटवर्ड्स' हा पर्याय आहे, तो प्रत्येक तुकड्याला लागू होतो. त्यात मोजके दहा-बारा शब्द द्या: मुकादम, उचल, कोयता, वाढं, खाडा, मोळी, फड, टोळी. जास्त भरले तर न बोललेल्या जागीही तेच शब्द उमटतात.

टिपणवही
बोलणारे वेगळे करायला पायॲनोट आहे, व्हिस्पर-एक्समध्ये ते जोडलेलंच येतं. दोन माणसं आळीपाळीने बोलत असतील तर काम भागतं. नवरा-बायको एकमेकांचं वाक्य पुरं करतात तिथे ते गडबडतं, आणि 'हूं', 'व्हय' भलत्याच्या नावावर जातं. जोडप्यांच्या मुलाखतींत हे हातानेच लावा. तपासताना ऐकायचंच आहे, त्याच फेरीत 'बा', 'पु', 'मु' (बाई, पुरुष, मुलाखतकार) अशी अक्षरं टाकत चला.

आता गोपनीयता. फुकट वेबसाइटवर फाइल चढवू नका. मुलाखतीत मुकादमाचं नाव, गाव, कर्जाची रक्कम असते, आणि ते बाहेर गेलं तर पुढच्या हंगामात त्या जोडीला काम मिळणं अवघड होईल. लॅपटॉपवरचं व्हिस्पर एकदा मॉडेल उतरवलं की इंटरनेट बंद करून चालतं, तसंच चालवा. संमतिपत्रात सॉफ्टवेअरने ट्रान्सक्रिप्शन करणार हे लिहिलेलं नसेल तर आधी गाइड आणि एथिक्स कमिटीला विचारा. टोपणनावं मजकूर तपासून झाल्यावर घाला, खऱ्या नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये. 'फाइंड-रिप्लेस'ने नावं बदलताना विभक्ती सांभाळा: 'राम' हा पूर्ण शब्द शोधून बदलला तरी 'रामाच्या'मधलं 'रामा' तसंच राहून जातं.

व्हिस्परने दिलेल्या एसआरटी फाइलमधल्या (वाक्यागणिक वेळ नोंदलेला मजकूर) वेळा पुसू नका. अवतरण प्रबंधात घेताना ती जागा परत ऐकायला त्याच लागतात.