मदत हवी आहे : नगरपरिषदेसाठी चारचाकी भाड्याने घेताना दर कसा मागवावा?

भांडारपाल :
आमच्या नगरपरिषदेस एक चारचाकी चालकासह भाड्याने घ्यावयाची असून जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरील बोली सोमवारी प्रसिद्ध करायची आहे. मासिक ठोक दर मागवावा की प्रतिकिलोमीटर, यावर लेखा शाखेचे आणि आमचे जमत नाही. 'वरिष्ठांना विचारा' असा सल्ला कृपया नको. वरिष्ठांनीच मला विचारले आहे.

जमाखर्च :
गाडी कोणासाठी आहे, महिन्याला किती चालते, रात्री कोठे उभी राहते आणि आधीच्या गाडीचे काय झाले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. दर नंतरची गोष्ट आहे. आधी लॉगबुक उघडा.

पिवळीपाटी :
मी कार्यालयांना गाड्या पुरवतो, म्हणून सांगतो, मासिक दरच मागवा. प्रतिकिलोमीटर दरात गाडी दिवसभर कार्यालयाच्या दारात उभी राहते आणि चालकाचा पगार, बँकेचा हप्ता व विमा आमच्या अंगावर पडतो.

निवृत्त_अभियंता :
भाड्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा स्वतःची गाडी खरेदी करावी. आमच्या काळात एकच जीप वर्षानुवर्षे चालली.

जमाखर्च :
साहेब, खरेदीला मंजुरी लागते आणि गाडी आली तरी चालकाचे पद भरलेले असावे लागते. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाहनांची नोंदणी 15 वर्षांनंतर चालू ठेवता येत नाही, त्यामुळे आपल्या जीपचे दिवस आता परत येणार नाहीत.

भांडारपाल :
तेच झाले आहे. आमची गाडी 2009 सालची होती आणि चालक निवृत्त झाले. गाडी मुख्याधिकाऱ्यांसाठी हवी असून महिन्याला साधारण 1,400 किलोमीटर धावते.

हिरवीपाटी :
मग विजेवरचीच घ्या. राज्याचे ई-वाहन धोरण 2021 साली आले, आणि शासकीय कार्यालयांनी नवीन वाहन घेताना किंवा भाड्याने लावताना ते विजेवरचेच असावे, असे शासनाने तेव्हाच जाहीर केले होते.

पिवळीपाटी :
जाहीर करणे सोपे आहे. तालुक्याच्या गावी चार्जर कोठे आहे आणि जिल्ह्याच्या बैठकीहून रात्री परतताना गाडी कोण ओढून आणणार, तेही सांगा.

हिरवीपाटी :
1,400 किलोमीटर म्हणजे रोजचे पन्नास-पंचावन्न झाले. रात्रभर कार्यालयाच्या आवारातील साध्या प्लगवर लावली तरी एवढे सहज भरते. आपल्याकडे विजेवरची गाडी नाही, हे खरे कारण आहे.

जमाखर्च :
वाद बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येऊ. जेमवरील मासिक सेवेत 2,000 किलोमीटर व 320 तास असा पर्याय असतो. आपण किलोमीटर पाहून निश्चिंत आहात, पण 26 दिवसांनी भागले तर 320 तास म्हणजे दिवसाला बारा तासांहून थोडे अधिक होतात. पावसाळ्यात नाला तुंबला की रात्री फिरणारी गाडी किलोमीटर थोडे आणि तास भरपूर खाते, आणि जादा आकारणी तेथूनच सुरू होते. म्हणून मासिक दर मागवा, मात्र तास कार्यालयात हजर झाल्यापासून मोजायचे की पुरवठादाराच्या गॅरेजपासून, आणि गॅरेज ते कार्यालय हे रिकामे अंतर कोणाच्या खात्यावर, हे अटींमध्ये स्पष्ट लिहा. लॉगबुकवर प्रत्येक फेरीला वापरणाऱ्याची सही हवी. महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच दमात भरलेले लॉगबुक लेखापरीक्षक पहिल्या पानावर ओळखतात.

सातबारा :
माझ्या भाच्याची नवी कोरी गाडी आहे, पांढऱ्या पाटीची. अटी शिथिल केल्यास कमी दरात देईल. नगरपरिषदेने विचार करावा.

पिवळीपाटी :
खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणे परवान्याविना वाहतूक ठरते, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. भाच्याला आधी पाटी पिवळी करायला सांगा, मग जेमवर या.

भांडारपाल :
मासिक दर आणि कार्यालयापासून तास, असे लिहितो. जुनी गाडी मात्र अजून आवारातच उभी आहे.

जमाखर्च :
ती निर्लेखित करून, म्हणजे नोंदवहीतून कमी करून, ई-लिलावाद्वारे नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावी लागेल. गावातल्या भंगारवाल्याला विकू नका. आणि नव्या कंत्राटाची एकूण रक्कम अडीच लाखांवर जात असेल, तर देयकातून 2 टक्के जीएसटी टीडीएस (देयक देतानाच कापून घ्यायचा कर) कापायचे लेखा शाखेला आताच कळवा.

पिवळीपाटी :
बोली आली की मी लावतो. फक्त देयक किती दिवसांत निघेल, तेवढे अटींमध्ये घाला, कारण डिझेलवाला आम्हाला उधारी देत नाही.