पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या ट्रेलरची बॅटरी उतरते, काय करावं?

जुळे_सोलापूर_कॅम्पर:
नमस्कार मंडळी. कॅम्पिंग ट्रेलरमध्ये १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर बॅटरी आहे. ट्रेलर विजापूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो. मार्चअखेर फुल चार्ज केली होती, मेअखेर मीटर १२.१ व्होल्ट दाखवतोय. सगळे स्विच बंद होते. साधा चार्जर कायम लावून ठेवला तर चालेल का? ट्रेलरच्या छतावर सोलर लावून उपयोग नाही, शेडमध्ये ऊनच येत नाही.

अक्कलकोट_रोड_वायरमन:
कायम लावू नका, दादा. साधा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर बॅटरी भरली तरी करंट रेटतच राहतो. पाण्याचा गॅस होऊन उडतो आणि प्लेटा उघड्या पडतात.

आधी करंट कुठे जातोय ते शोधा. गॅस डिटेक्टर, म्युझिक सिस्टिमची मेमरी, यूएसबी सॉकेटचा निळा दिवा यांना बऱ्याचदा थेट सप्लाय असतो, मेन स्विच बंद करूनही ते चालूच राहतात. निगेटिव्हची केबल काढा. मल्टिमीटर १० अँपिअर रेंजवर, लाल वायर १० ए सॉकेटमध्ये. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं काढलेल्या केबलला. मीटर जोडलेला असताना इन्व्हर्टर किंवा पंप सुरू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मग एकेक फ्यूज काढत आकडा बघा.

जुळे_सोलापूर_कॅम्पर:
४५ मिलीअँपिअर आले. गॅस डिटेक्टरचा फ्यूज काढला की ६ वर येतं.

अक्कलकोट_रोड_वायरमन:
झालं की मग. ४५ मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १ एएचच्या वर, दोन महिन्यांत ६५ एएच. बाकीची उन्हाने खाल्ली. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरायचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते सांगायला नको.

निगेटिव्हला आयसोलेटर स्विच (बॅटरी बाकी वायरिंगपासून पूर्ण तोडणारा) बसवा. इन्व्हर्टर असेल तर त्याचा पूर्ण लोड झेपेल असा घ्या. डिटेक्टर बंद राहणार, त्यामुळे सिलिंडर ट्रेलरमधून बाहेर काढूनच ठेवायचा, यात हयगय नको.

इन्व्हर्टर_बॅटरी_सोलापूर:
व्होल्टेजबद्दल एक. १२.७ म्हणजे फुल हा तक्ता गाडीच्या बॅटरीचा. आपल्या ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) फुल चार्जला १.२४० च्या आसपास असते. सेलचं व्होल्टेज साधारण ग्रॅव्हिटी अधिक ०.८४, म्हणून सहा सेलचे १२.५ झाले की ती भरलेली. ५-६ तास विश्रांती दिल्यावरच मोजा. तुमची १२.१ वर, म्हणजे निम्म्याखाली गेलीय. अशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग क्षमता पूर्ण परत येत नाही. आजच चार्जिंगला लावा: १५ अँपिअर, १४.४ व्होल्टपर्यंत, १० ते १२ तास धरून चला. शेडचं दार उघडं ठेवा, हायड्रोजन निघतो.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर टाका. आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच, नाहीतर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर येतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको.

होटगी_रोड_सोलर:
पॅनल ट्रेलरवर कशाला, शेडच्या पत्र्यावर लावा. एवढ्या बॅटरीला टिकवून धरायला ४०-५० वॅट भरपूर झालं. दक्षिणेकडे तोंड, साधारण १८ अंश उतार, १० अँपिअरचा कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीला जाणारं चार्जिंग सांभाळणारा), २.५ स्क्वेअर एमएम वायर, आणि बॅटरीच्या प्लसजवळच १० अँपिअरचा फ्यूज. हे कनेक्शन आयसोलेटरच्या बॅटरीकडच्या बाजूला घ्या, नाहीतर स्विच बंद केला की चार्जिंगही बंद. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट.

कंट्रोलर तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा घ्या. २७ अंशांना १३.६ व्होल्ट फ्लोट (भरलेली बॅटरी टिकवून धरणारं व्होल्टेज) ठीक, पण ४२ अंशांना १३.३ च्या आसपास हवं. स्वस्तातल्या कंट्रोलरमध्ये हे नसतं, मग उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघावं लागेल. आणि पॅनलवरची धूळ पुसत राहा, आपल्याकडे ती लगेच साचते.

जुळे_सोलापूर_कॅम्पर:
चार्जिंगला लावली. पुढे लिथियम घेतली तर हेच सगळं लागू का?

इन्व्हर्टर_बॅटरी_सोलापूर:
नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५०-६० टक्के चार्जवर ठेवून आयसोलेटर बंद करायचा, फ्लोटवर ठेवायची गरज नाही. २-३ महिन्यांनी एकदा तपासा. जमलं तर उन्हाळ्यात काढून घरात सावलीला ठेवा, उष्णता तिलाही सोसत नाही.